सदाशिव कच्चा असावा

‘कट्यार काळजात घुसली’चं तिकीट सदाशिवसाठी कुणी काढत नाही. लोक जातात ते खाँसाहेबांसाठी. १९६७ च्या डिसेंबरात ‘नाट्यसंपदा’नं हे नाटक रंगभूमीवर आणलं, वसंतराव देशपांडे खाँसाहेब आफताब हुसेन होऊन उभे राहिले, आणि तेव्हापासून नाटकाची चर्चा म्हणजे खाँसाहेबांची चर्चा असा शिरस्ताच पडला. ‘तेजोनिधी लोहगोल’ हे पद कसं झालं? ‘सुरत पिया की’ला वन्समोअर मिळाला का? सदाशिवबद्दल विचारलंच तर “तो मुलगा कोण होता रे?” एवढंच.

मला मात्र गेली काही वर्षं हे नाटक सदाशिवचं वाटायला लागलंय. सांगलीतल्या एका प्रयोगानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, तरी दोन ओळींत सांगते. विश्रामपूर संस्थानात गाण्याची स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला राजगायकाचा मान, हवेली आणि एक कट्यार मिळते. त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ. पंडित भानुशंकरांची ती हवेली खाँसाहेबांकडे येते आणि पंडितजी निघून जातात. त्यांच्याकडे शिकायला म्हणून दुरून आलेला सदाशिव दारात उभा राहतो, तेव्हा आत दुसऱ्याच घराण्याचं गाणं चालू असतं. ते गाणं शिकवायला खाँसाहेब तयार नाहीत. मग तो चोरून शिकतो.

नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी इथं एक फार चतुर गोष्ट केली आहे आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी ती सुरांत पक्की केली. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोन तऱ्हांनी येतं. पंडितजींचं सालगवराळी रागातलं, शांत, एकेक स्वर गोंजारत जाणारं. खाँसाहेबांचं धानी रागातलं, वेगवान, तानांनी भरलेलं, समेवर धडकणारं. शब्द तेच, भुंगा तोच. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही अशा प्रेक्षकालाही घराणं म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळतं. व्याख्यान नाही की काही नाही. नाटकात संगीत ‘असणं’ आणि संगीतानंच नाटक पुढं सरकणं यातला फरक मला कुणी विचारला, तर मी ही दोन पदं लागोपाठ ऐकवीन.

आणि सदाशिवला या दोन टोकांमध्ये प्रवास करायचा असतो. खाँसाहेब पडदा उघडतो तेव्हाच खाँसाहेब असतात. त्यांच्या मनात जे काही बदलायचं ते बदलतं, पण गाणं पहिल्यापासून तयार. सदाशिवचं तसं नाही. तो येतो तेव्हा त्याच्याजवळ आवाज आहे, ओढ आहे आणि पंडितजींच्या गायकीची थोडीफार ओळख आहे. मधल्या काळात त्याच्या कानावर खाँसाहेबांचं गाणं पडत राहतं. शेवटी दोन्ही गायक्या त्याच्या एकट्याच्या गळ्यात आलेल्या असतात. म्हणजे एका रात्रीत, एकाच गळ्यानं तीन निरनिराळ्या मुक्कामांवरचं गाणं गायचं.

हे कागदावर सोपं दिसतं. पण तयारीच्या गायकाला कच्चं गाता येत नाही. पोहता येणाऱ्याला बुडून दाखव म्हटलं, तर तो हातपाय झाडेल, पण पाणी त्याला वर उचलतच राहणार. रियाजानं घोटलेला गळा पहिल्या आकारातच सांगून टाकतो की याचं शिक्षण कधीच झालेलं आहे. मग ‘मला शिकवा’ म्हणून तो खाँसाहेबांच्या पाया पडतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, पण मनातून आपल्याला त्याची काळजी वाटत नाही.

मी ‘कट्यार’ पहिल्यांदा पाहिलं ते २०१० मध्ये नव्यानं उभं राहिलं तेव्हा, पुण्यात. सुबोध भावेंनी बसवलेला तो प्रयोग, जुन्या संहितेला कात्री लावून आटोपशीर केलेला. खाँसाहेब होते राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचे नातू, आणि सदाशिव होते महेश काळे, म्हणजे अभिषेकीबुवांचे शिष्य. ज्यानं ती भूमिका गाजवली त्याचा नातू एका बाजूला, ज्यानं त्या चाली बांधल्या त्याचा शिष्य दुसऱ्या बाजूला. अशी जुळणी कुणी ठरवूनही जमली नसती. शेवटाकडे दोघांचे आवाज एकमेकांवर चढायला लागले तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात घट्ट धरला होता आणि प्रयोग संपल्यावरच त्यांच्या ते ध्यानात आलं. त्या रात्रीपासून ‘कट्यार’ माझं सर्वांत लाडकं नाटक. पुढं २०१५ मध्ये चित्रपट आला, तोही मी पाहिला. पण पडद्यावर सदाशिवचा चेहरा सुबोध भावेंचा आणि गळा महेश काळ्यांचा. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांड्यांचा. चित्रपटाला ते शोभतं. मला मात्र एकाच माणसाला घाम येताना आणि त्याच माणसाचा सूर लागताना बघायचं असतं.

तर त्या २०१० च्या सदाशिवबद्दल माझी तक्रार नाही. ते गाणं अजून कानात आहे. पण आता मागं वळून बघताना जाणवतं की त्या प्रयोगात मी दोन मोठे गवई ऐकत होते. एक मुलगा शिकताना मी पाहिला नव्हता.

सांगलीचा प्रयोग एका हौशी मंडळाचा होता, विष्णुदास भावे नाट्यमंदिरात. १८४३ मध्ये विष्णुदासांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते हे गाव, त्यामुळे इथल्या प्रेक्षकाला आपण नाटकाचे जन्मजात परीक्षक आहोत असं वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. मामा माझ्याबरोबर होता. मामानं सत्तरच्या दशकात वसंतरावांचा खाँसाहेब पाहिलेला. त्यामुळे त्याच्याबरोबर ‘कट्यार’ला जाणं म्हणजे आधीच निकाल लागलेली मॅच बघायला जाणं. तिसरी घंटा व्हायच्या आत त्यानं सांगून टाकलं, “हे बघ, मी बसतो शेवटपर्यंत. पण मला विचारू नकोस कसं झालं म्हणून.”

खाँसाहेब झालेले गृहस्थ पन्नाशीचे, गाणं शिकवणारे. दमदार आवाज, दाणेदार तान, उर्दूचा लहेजा जरा कमावलेला. ‘या भवनातील गीत पुराणे’ त्यांनी असं काही सुरू केलं की मामा पाठ टेकवून बसला होता तो पुढं सरकला. मवाळ, हळव्या सुरांना इथून हाकलून द्या असं ते पद म्हणतं. जिंकलेल्या माणसाचं पद आहे, पण त्यात जिंकल्याचा आनंद कमी आणि वर्षानुवर्षं हरल्याचा राग जास्त. गृहस्थांनी तो राग बरोबर पकडला.

आणि मग सदाशिव आला.

कॉलेजात शिकणारा मुलगा असावा. धोतर नेसायची सवय नाही हे दोन पावलांत कळत होतं. संवाद पाठ केलेले, वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडणारे. माझ्या मागच्या रांगेत कुणी तरी हळूच “अरे बाळा” म्हणालं. पण गायला लागला तेव्हा सगळे गप्प झाले. आवाज गोड, सरळ, तार सप्तकात बेफिकीर जाणारा. खाली मात्र काहीच नाही. खर्ज अजून भरलेला नव्हता. ताना सुरू व्हायच्या आणि मध्येच घाबरून घरी परत यायच्या. पंडितजींच्या ढंगाची आलापी करताना तो इतका मन लावून गात होता, की चुकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसायचं. ऑर्गनवाल्या काकांकडे एक चोरटी नजर, काकांची मान हलकेच हललेली, की पुन्हा गाणं पुढं.

नाट्यशास्त्राच्या हिशेबानं हा दोष. नटानं साथीदाराकडं बघू नये. पण सदाशिव नावाच्या पात्रानं बघितलं तर? त्याला खरोखरच कुणी तरी ‘बरोबर आहे, गा’ असं सांगणारं हवं असतं. नाटकभर तो तेच तर शोधतो.

सगळ्यात जास्त मला त्यानं धरून ठेवलं ते तो गात नसताना. खाँसाहेब आत गातायत, हा आडोशाला उभा राहून ऐकतोय. मुरलेला नट इथं ‘ऐकण्याचा अभिनय’ करतो: डोळे मिटतो, मान डोलावतो, हात छातीवर नेतो. हा मुलगा तसलं काहीच करत नव्हता. तोंड अर्धवट उघडं. ओठ हलत होते. उजव्या हाताची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. खाँसाहेबांनी एक अवघड जागा घेतली, तेव्हा त्याचा चेहरा आनंदी होण्याऐवजी चिंतेत पडला. ‘हे कसं केलं?’ अशी ती चिंता. गाणं शिकणाऱ्या कुणालाही ती ओळखीची असेल. क्लासमध्ये बाईंनी एखादी हरकत घेतली की आमचे चेहरे तसेच व्हायचे. मला तर शंका आहे की त्या क्षणी तो अभिनय करत नव्हताच. तो त्या गृहस्थांकडून खरोखर शिकत होता. मंडळात कदाचित तेच त्याचे गुरू असतील. असतील किंवा नसतील.

मध्ये वन्समोअरचा घोळ झाला. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाचा हा हक्कच, आणि बालगंधर्वांच्या काळी एकेका पदाला किती वन्समोअर मिळायचे याच्या कथा आपण कौतुकानं सांगतो. पण चोरून शिकणारा, कुणी ऐकेल या भीतीनं दबक्या आवाजात गुणगुणणारा सदाशिव, आणि बाल्कनीतून आरोळी: “वन्समोअर!” मुलगा गोंधळला. परत गावं तर लपलेला माणूस मोठ्यानं गाणार, न गावं तर सांगलीकर रागावणार. त्यानं पुन्हा तेवढ्याच दबक्या आवाजात दोन ओळी म्हटल्या. हे त्याला दिग्दर्शकानं सांगून ठेवलेलं होतं की ऐनवेळी सुचलं, देव जाणे. मामा म्हणाला, “पोरगं हुशार आहे.” त्याच्याकडून निघालेला हा त्या संध्याकाळचा पहिला बरा शब्द.

मध्यंतरात वडा खाता खाता मी मामाला म्हटलं, “वसंतराव स्वतः सदाशिवच होते की रे.”

“ते खाँसाहेब होते. मी पाहिलंय.”

“गोष्टीतले नाही. खरे.”

माझं म्हणणं असं. एकाच घराण्याचा जळजळीत अभिमान बाळगणारा उस्ताद ज्यानं अजरामर केला, तो गायक कुठल्याच एका घराण्याचा नव्हता. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे सुरुवात. लाहोरला असद अली खाँकडे मारवा राग. पुढं सुरेशबाबू माने, अमान अली खाँ. आणि या सगळ्यांच्या आधीपासून डोक्यात बसलेले मास्टर दीनानाथ. पंधराव्या वर्षी वसंतराव ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्ण झाले होते. मिलिटरी अकाउंट्समधली नोकरी सांभाळत ज्याच्याकडून जे मिळेल ते त्यांनी घेतलं. दीनानाथांचीही तीच गत. ‘मानापमान’ नाटकातला नायक धैर्यधर त्यांच्याकडे आला तेव्हा जुन्या चालींवर ते थांबले नाहीत, ती पदं त्यांनी आपल्या अंगानं गायली आणि आज ‘रवि मी’ म्हटलं की दीनानाथच आठवतात. जुन्या प्रेक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली नसतील असं मला वाटत नाही. अभिषेकीबुवा? गोव्यातून, मंगेशीच्या देवळातल्या भजन-कीर्तनातून आलेले, आणि मग जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या उस्तादांकडे शिकलेले. घराण्यांच्या भांडणावरचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं नाटक अशा दोघांनी उभं केलं, ज्यांच्या गळ्यात घराण्यांचं भांडण कधीच मिटलेलं होतं. आणि राहुल देशपांडे? वसंतराव गेले १९८३ मध्ये. नातू तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. आजोबांचं गाणं त्यांच्यापर्यंत पोचलं ते ध्वनिमुद्रणांमधून आणि इतर गुरूंच्या तोंडून. म्हणजे तेही दाराबाहेर उभं राहूनच.

मामानं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “चहा घेणार का अजून? घंटा झाली.”

उत्तरार्धात एक तांत्रिक अडचण होती, आणि नाटकाचं खरं मर्म मला तिच्यातच दिसलं. दोन गायक एकत्र गाणार म्हणजे पट्टी, म्हणजे ज्याला ‘सा’ धरून गायचं तो सूर, एकच हवी. मुलगा आपली पदं काळी दोनमध्ये गात होता. खाँसाहेब काळी एकचे, म्हणजे खालच्या पट्टीचे. जिथं दोघांना एकमेकांसमोर गायचं, तिथं ऑर्गन खाँसाहेबांच्या पट्टीत लागला. एका स्वराचाच फरक, पण ज्याचा खर्ज भरलेला नाही त्याच्यासाठी तो फार. वरची चमक जराशी विझते आणि खाली पाय टेकायला जमीन राहत नाही. मोठ्या कंपनीत यावर आधीच तोडगा काढला असता. इथं तसं काही झालेलं दिसत नव्हतं. पोराला दुसऱ्याच्या सुरात गावं लागलं.

आणि सदाशिवला तेच करायचं असतं ना. दुसऱ्याच्या सुरात, दुसऱ्याच्या घरात.

‘सुरत पिया की’ सुरू झालं. हे पद म्हणजे रागांची माळ. एका रागातून दुसऱ्यात उडी, पाय घसरला की संपलं. खाँसाहेब झालेले गृहस्थ सहज चालले होते. मुलगा मागोमाग. मध्ये एका ठिकाणी तो तारसप्तकात चढला आणि आवाज फाटला. थोडाथोडका नाही, सरळ चिरकला. सभागृहात तो विशिष्ट आवाज झाला, शेकडो माणसं एकदम श्वास घेतात तसा. मी मामाकडं बघितलं नाही.

मुलानं तान सोडली. खाली षड्जावर आला. तिथं थांबला, असा किती थांबला कुणास ठाऊक, तबला चालूच होता. मग मध्य सप्तकात, अगदी साध्या, पंडितजींच्या त्या गोंजारत जाणाऱ्या चालीनं तो पुन्हा सुरू झाला. खाँसाहेबांच्या वेगाचा हट्ट सोडून. वर न जाता त्याच वाक्यात फिरत राहिला, आणि एका जागी, कुणाचं लक्ष नसताना, त्यात ती दाणेदार तान अलगद मिसळली. छोटीशी. पूर्वार्धात आडोशाला उभा राहून मांडीवर मोजत होता तीच असावी.

ठरवून केलं असतं तर मला ते पटलं नसतं. फाटणं, सावरणं, मग दोन्ही घराण्यांचा संगम, फारच सोयीस्कर. पण फाटलेला आवाज ठरवून आणता येत नाही आणि त्यानंतर कानांपर्यंत लाल झालेला चेहराही नाही. २०१० चा प्रयोग पाहताना शेवट मला माहीत होता. सांगलीत मला तो माहीत नव्हता. म्हणजे गोष्ट ठाऊक होती, पण हा मुलगा तिथपर्यंत पोचणार की नाही हे ठाऊक नव्हतं, आणि खाँसाहेबांच्या हातात कट्यार आली तेव्हा पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली. त्या गृहस्थांनी हात उगारला तो नेहमीपेक्षा बराच वेळ तसाच ठेवला. मुलाचं गाणं संपेपर्यंत. त्यांचे डोळे त्या पोरावर असे लागले होते की आता हे उस्ताद चिडलेत, का जीव मुठीत धरून त्याची तान पूर्ण व्हायची वाट बघतायत, हे सांगता येईना. नाटकातल्या खाँसाहेबांनाही त्या घटकेला ते सांगता आलं नसतं.

बाहेर पडताना मी मामाला त्या थांबलेल्या हाताबद्दल विचारलं. “हात अवघडला असेल,” तो म्हणाला. मग पार्किंगपर्यंत काही बोलला नाही, आणि स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, “आमच्या वेळी खाँसाहेब असा पोराकडं बघत नव्हता. त्याची गरजच पडायची नाही.”

प्रयोग म्हणून त्यात पुष्कळ उणं होतं, ते झाकण्यात अर्थ नाही. खाँसाहेबांच्या मुलीचं, झरीनाचं काम करणारी मुलगी छान गात होती, पण तिच्या प्रवेशांना इतकी कात्री लागली होती की ‘लागी कलेजवा कटार’ नुसतं मैफलीतलं गाणं होऊन गेलं. ही भूमिका मूळ नाटकात गायिका-अभिनेत्री फैयाज यांनी केलेली. तिच्याकडं एवढं दुर्लक्ष बरं नव्हे. कविराजांचं काम करणारे सगळी वाक्यं एकाच ठेक्यात बोलत होते. दुसऱ्या अंकात हवेलीचा खांब हलत होता. आणि सदाशिवचा गद्य भाग खरोखरच बेताचा होता. बोलताना तो मुलगा कुठं तरी दुसरीकडंच असायचा, गायला लागला की परत यायचा. मी जर नुसतं गाणं ऐकायला गेले असते, तर पैसे वसूल झाले नाहीत असंच म्हटलं असतं. घरी येऊन मी जुनं ध्वनिमुद्रण लावलंच, आणि वसंतरावांची ‘तेजोनिधी’ सुरू झाल्यावर दहा सेकंदांत त्या गृहस्थांची तान विसरले. मुलाची ती छोटी तान मात्र विसरता येईना.

एक गोष्ट मला अजून सतावते. तो मुलगा मन लावून शिकला, तर दोन-तीन वर्षांत त्याचा खर्ज भरेल. आवाज फाटणार नाही. काळी एकमध्ये तो आरामात गाईल, ऑर्गनकडं बघणार नाही, धोतरही नीट नेसेल. लोक त्याला वन्समोअर देतील आणि तो ऐटीत घेईल. हे सगळं व्हावं अशीच माझी इच्छा आहे. पण मग सदाशिवसाठी मंडळाला दुसरा कुणी तरी शोधावा लागेल.

परवा मामाचा फोन आला. त्याच मंडळाचा पुढचा प्रयोग इचलकरंजीला आहे, पण त्या पोराची परीक्षा आहे म्हणून सदाशिव वेगळा आहे म्हणे, त्याहूनही लहान. मामानं दोन तिकिटं काढली आहेत. मला विचारलंही नाही.